कापरेकर सरांचं शून्य

*प्रोग्रॅमिंगमधले डेटा टाइप डोक्यात शिरत नाहीत? मग देवळालीच्या एका शाळामास्तरांची गोष्ट वाचा.*

दोस्तांनो, आधी एक काम करा. मोबाइलवर नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये एक्सेलची कोरी शीट उघडा आणि लातूरचा एसटीडी कोड टाका, ०२३८२. एंटर दाबा. काय दिसलं? २३८२. पुढचं शून्य गायब!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शून्याने काय फरक पडतो? चाकूरच्या माझ्या एका मैत्रिणीला विचारा. तिचा बँक खाते क्रमांक शून्यापासून सुरू होतो. शिष्यवृत्तीची यादी करताना कुणीतरी तो असाच शीटमध्ये टाकला, शून्य उडालं आणि पैसे काही खात्यात आलेच नाहीत. फॉर्म बरोबर, पासबुक बरोबर, तरी बिचारी चाकूर ते लातूर एसटीने चकरा मारत राहिली. शेवटी एका क्लार्क काकांनी यादी आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अंक मोजले, तेव्हा कुठे उलगडा झाला. यादीत एक अंक कमी होता.

यादी करणाऱ्याने आकडा नीट टाकला होता. कॉम्प्युटरनेही त्याच्या परीने बरोबरच केलं होतं. फक्त ही खूण आहे की संख्या, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्याच महिन्यात जो डेटा टाइप नावाचा धडा असतो, तो हाच.

मी मास कॉमची. कोडिंगशी माझा संबंध धाकट्या भावाच्या प्रॅक्टिकल वहीपुरता. पण त्या वहीत मला एक मराठी नाव सापडलं आणि मग मी ते सोडलंच नाही. ते नाव होतं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डहाणूचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आज डहाणू पालघर जिल्ह्यात येतं. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, त्यामुळे घरात आकड्यांचा वावर होता. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनीच त्याला वाढवलं आणि आकड्यांची गोडीही त्यांच्याकडूनच लागली.

शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. त्यापुढे त्यांनी शिक्षण घेतलं नाही. एमएस्सी नाही, पीएचडी नाही. १९३० मध्ये नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

बत्तीस वर्षं खडू आणि फळा. एवढं वाचून तुम्हाला वाटेल, यात विशेष काय? आपल्या गावातही असे सर आहेतच की! अगदी बरोबर. फक्त या सरांना शाळेबाहेरही आकडे स्वस्थ बसू देत नव्हते. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं. तिथे त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, तर त्यांनी त्या संख्यांना स्टेशनचंच नाव देऊन टाकलं, डेमलो संख्या. ज्या गावात पोट भरलं त्या गावाचं नाव दुसऱ्या एका प्रकाराला मिळालं, देवळाली संख्या.

६१७४ चा भोवरा

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम १९४९ सालचं. भारतात तेव्हा एकही कॉम्प्युटर नव्हता. कागद-पेन्सिल घ्या, आपण ते आत्ताच करून बघू.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे लावा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं परत तेच करा.

सरांचंच जन्मवर्ष घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चं पुन्हा करा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. संख्या तिथेच अडकली. तुम्ही तुमचं जन्मवर्ष घ्या, बाबांचं घ्या, गाडीच्या नंबरातले शेवटचे चार अंक घ्या, येणार ६१७४ लाच. आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. सरांच्या जन्मवर्षाला पुऱ्या सात लागल्या, हा निव्वळ योगायोग, पण मला लई आवडला.

आज जग ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतं. तीन अंकी संख्यांसाठी असाच आकडा ४९५ आहे.

हसणारे का हसले?

हे सगळं सरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुढे ते स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या परदेशी नियतकालिकात छापूनही आलं. पण इथल्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. त्यांचं काम फुटकळ ठरवलं गेलं. मोठ्या मासिकांत जागा मिळाली नाही तेव्हा त्यांनी साध्यासुध्या पत्रिकांत लिहिलं, स्वतः पुस्तिका छापल्या.

त्या हसण्यामागे एक कारणही होतं, आणि तेच आपल्या आजच्या धड्याचं मर्म आहे.

गणितज्ञासाठी संख्या म्हणजे किंमत. सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर चिंचोके मोजा, ढीग तोच राहील. तो आपण दहाच्या पद्धतीत ६१७४ असा लिहितो. कॉम्प्युटर तोच ढीग दोनच्या पद्धतीत ११००००००११११० असा लिहितो. किंमत तीच, अंक वेगळे. मग अंक उलटसुलट लावून जी गंमत सापडते ती संख्येची कसली, ती तर फक्त लिहिण्याच्या पद्धतीची, असा तो आक्षेप.

कापरेकर नेमकं लिहिलेल्या अंकांकडे बघत होते. त्यांच्यासाठी ६१७४ म्हणजे ६, १, ७, ४ अशी रांगेत उभी चार पोरं. ती उंचीप्रमाणे उभी करता येतात, उलटी फिरवता येतात, मधून तोडता येतात.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचं तर समोरचे लोक ६१७४ ला इंटिजर समजत होते आणि सर त्याला स्ट्रिंग समजत होते. वस्तू एकच, पण तिच्याकडे बघायचे प्रकार दोन. डेटा टाइप म्हणजे दुसरं काय? आपल्याकडे जे आहे त्याला मेमरीत जागा किती द्यायची आणि त्याच्यासोबत काय काय करायला परवानगी आहे, हे आधीच ठरवणं. इंटिजर असेल तर बेरीज-वजाबाकी करा. स्ट्रिंग असेल तर जोडा, तोडा, उलटा फिरवा. ६ आणि १ इंटिजर असतील तर त्यांची बेरीज ७. तेच स्ट्रिंग असतील तर पायथनमध्ये अधिकचं चिन्ह त्यांना नुसतं चिकटवतं आणि उत्तर येतं ६१. पायथनमध्ये इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंगच असते, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या निम्म्या वर्गाची पहिली चूक इथेच होते. माझ्या भावाचीही झाली.

भावाचा प्रोग्रॅम आणि हरवलेलं शून्य

६१७४ ची खरी मजा ही, की तिच्यात दोन्ही प्रकार लागतात. अंक लावताना स्ट्रिंग हवी, वजाबाकी करताना इंटिजर हवा. दर पायरीला इकडून तिकडे जावं लागतं.

भावाने असाच प्रोग्रॅम लिहिला. दहा-बारा संख्या टाकून बघितल्या, सगळ्यांचं उत्तर ६१७४. वही पूर्ण, सही बाकी. मग मी सहज २१११ टाकायला सांगितलं. उत्तर आलं शून्य.

कापरेकर चुकले? छे! हातानेच करून बघा. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. प्रोग्रॅमने ९९९ उलटसुलट लावलं, तेही ९९९. वजा केलं, शून्य. पण सर चार अंकी खेळ खेळत होते. त्यांच्या कागदावर ते ९९९ नाही, ०९९९ आहे. आता करा.

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आलं ना? इंटिजर झाल्याबरोबर पुढचं शून्य गळून पडतं, कारण ०९९९ आणि ९९९ यांची किंमत एकच. स्ट्रिंगमध्ये मात्र ती दोन वेगळी माणसं आहेत. उपाय सोपा आहे. वजाबाकीनंतर उत्तर परत स्ट्रिंग करताना, जागा चारच ठेव आणि मोकळ्या जागी शून्य भर, असं प्रोग्रॅमला सांगायचं. पायथनमध्ये त्यासाठी झेडफिल आहे.

आता यातला धोका बघा. १००० ते ९९९९ या नऊ हजार संख्या. त्यातल्या चारही अंक सारखे असलेल्या नऊ सोडल्या, तर या चुकीने फक्त ६८ संख्यांचं उत्तर बिघडतं. शेकड्याला एकसुद्धा नाही. म्हणजे दहा-बारा संख्या टाकून तपासलं तर चूक बहुतेक वेळा दिसणारच नाही. प्रोग्रॅम पास, सही झाली, आणि ती ६८ पोरं आत तशीच फसलेली. माझी मैत्रीण त्यातलीच एक होती असं समजा.

सरांच्या संख्या, आपले डेटा टाइप

कापरेकरांनी आयुष्यभर जमवलेल्या संख्यांत बाकीचेही डेटा टाइप सापडतात. मी शोधत गेले तशी चाटच पडत गेले.

इंटिजरची मर्यादा घ्या. ज्या संख्येचा वर्ग मधून तोडून दोन तुकडे बेरजेला घेतले की मूळ संख्या परत मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तोडा, ४९४ आणि २०९. बेरीज ७०३. मोठी हवी असेल तर १४२८५७. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज पुन्हा १४२८५७. पण हाच वर्ग जावामध्ये साध्या इंटमध्ये काढा. उत्तर येतं उणे १०६६७१४०३१. वर्ग आणि तोही उणे! इंटला मेमरीत ३२ बिट मिळतात आणि त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढीच संख्या मावते. पोतं भरलं की धान्य बाहेर सांडतं, इथे ते फिरून उणे बाजूने आत येतं, आणि जावा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिथे ६४ बिटांचा लाँग वापरायचा. पायथन मात्र गरजेप्रमाणे पोतंच मोठं करत जातं.

आता दशांशवाले, म्हणजे फ्लोट आणि डबल. डेमलो संख्यांमध्ये एक देखणी रांग आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असं करत नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतं. अंक वर चढतात आणि तसेच खाली उतरतात. हाच गुणाकार जावास्क्रिप्टमध्ये करा. शेवटचा १ जाऊन तिथे ० दिसेल. एक्सेलमध्ये तर शेवटचे दोन अंक शून्य होतात. कारण या दोन्ही ठिकाणी साधी संख्या डबल म्हणून साठवली जाते आणि डबलला साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंतच नेमकेपणा सांभाळता येतो. पुढचं सगळं अंदाजपंचे. म्हणून सोळा अंकी कार्ड नंबर कधीही एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकू नका, शेवटचा अंक जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

कॅरेक्टर म्हणजे एकच अक्षर. स्ट्रिंग ही कॅरेक्टरांची माळ. आपण जे इंग्रजी 6 टाइप करतो, ते कॅरेक्टर म्हणून कॉम्प्युटरकडे ५४ या नंबराने नोंदलेलं असतं. आपल्या मराठी ६ चा नंबर वेगळाच, २४१२. दिसायला दोन्ही सहाच, पण संख्या सहा वेगळी आणि तिची खूण वेगळी. गंमत म्हणजे पायथनला मराठीत ६१७४ अशी स्ट्रिंग देऊन तिचा इंटिजर करायला सांगितलं तर तो बिनबोभाट करून देतो.

राहिलं बूलियन. उत्तरं दोनच, हो किंवा नाही. इथे सरांची हर्षद संख्या आली. हर्षद म्हणजे आनंद देणारी. अंकांच्या बेरजेने मूळ संख्येला निःशेष भाग गेला तर ती हर्षद. प्रश्न विचारला की उत्तर फक्त खरं किंवा खोटं. लातूरच्या गाड्यांचा नंबर एमएच २४. दोन आणि चार सहा, चोवीसला सहाने भाग जातो, म्हणून खरं. नांदेडचा एमएच २६. बेरीज आठ, सव्वीसला आठने भाग जात नाही, म्हणून खोटं. नांदेडकरांनी रागवू नये, हे बूलियन आहे, त्यात मध्यममार्ग नसतो! सरांचं जन्मवर्ष १९०५ मात्र हर्षद आहे. अंकांची बेरीज १५, आणि १५ गुणिले १२७ म्हणजे १९०५.

उशिरा आलेली दाद

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून सर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. आकडे मात्र सुटले नाहीत.

मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं. हे सदर जगभरचे गणितवेडे वाचायचे. देवळालीच्या मास्तरांचं नाव एकदम सगळीकडे पोचलं. तोवर ६१७४ परिषदेत मांडून सव्वीस वर्षं झाली होती आणि सरांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले.

दरम्यान जगात कॉम्प्युटर आले, सी भाषा आली, इंट आणि कॅरेक्टर असे शब्द आले. ज्या अंकांच्या खेळाला लोक हसले होते तो खेळ प्रोग्रॅमिंग शिकवायला फार सोयीचा निघाला. आज कितीतरी ठिकाणी नवशिक्यांना कापरेकरांचा आकडा सरावाला देतात, कारण त्यात स्ट्रिंग आहे, इंटिजर आहे, लूप आहे आणि ते फसवं शून्यही आहे.

मला या सगळ्यातून एक गोष्ट समजली, ती तुम्हाला सांगते. समोर आकडे दिसले म्हणजे ती संख्याच असेल असं नाही. एक साधा प्रश्न विचारायचा, याची मी कधी बेरीज करणार आहे का? मार्कांची करणार, फीची करणार, ते इंटिजर किंवा दशांश. चाकूरचा पिनकोड ४१३५१३ आणि लातूरचा ४१३५१२ यांची बेरीज करून काय मिळणार? काही नाही. मोबाइल नंबर, आधार नंबर, खाते क्रमांक, हजेरीचा सीट नंबर हे सगळे आकड्यांचे कपडे घातलेले शब्द आहेत. ते स्ट्रिंग म्हणूनच ठेवायचे. एक्सेलमध्ये आधी कॉलम निवडून त्याचा प्रकार टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं. दोन सेकंदांचं काम आहे.

उद्या तुमच्यातलेच कुणीतरी कॉलेजच्या ऑफिसात, बँकेत, सेतू केंद्रात अशा याद्या करणार आहेत. एखादी मुलगी गावाहून तिकीट काढून तुमच्या खिडकीपुढे येऊन उभी राहील. तेव्हा देवळालीच्या त्या मास्तरांना आठवा. त्यांनी आपल्या कागदावरचं पुढचं शून्य कधी सोडलं नाही.

करून बघा

१. तुमचं जन्मवर्ष ६१७४ पर्यंत किती पायऱ्यांत पोचतं?
२. तुमच्या गावाचा पिनकोड हर्षद आहे का? (चाकूरचा नाही, मी आधीच तपासला!)
३. प्रोग्रॅम लिहिला असेल तर त्याला २१११, १००० आणि ८९९९ देऊन बघा. तिन्हींचं उत्तर ६१७४ आलं तर तुमचं शून्य शाबूत आहे.